जेवणाच्या टेबलावर फुलं कशी मांडता?

निळावंती

नमस्कार मंडळी,

फुलदाण्यांवर आधी बरंच बोलणं झालंय, पण ते बहुतेक कोपऱ्यातल्या किंवा शोकेसवरच्या फुलांबद्दल. जेवणाचं टेबल ही अगदी वेगळी जागा आहे, म्हणून वेगळा धागा काढते.

कोपऱ्यातली फुलदाणी आपण उभ्याने, लांबून आणि एकाच बाजूने बघतो. टेबलावरची फुलं बसून, चारी बाजूंनी आणि हातभर अंतरावरून दिसतात. भोवती वाढणं चालू असतं, भांडी इकडून तिकडे सरकत असतात, कोणीतरी पाण्याचा जग मागत असतं, समोरच्याशी बोलणं चालू असतं. माझं मत आधीच सांगून टाकते. टेबलावरच्या फुलांनी जेवणाऱ्याचा चेहरा, हात आणि नाक मोकळं सोडलं पाहिजे. एवढं सांभाळलं की रंग, आकार, फुलांची जात ज्याच्या त्याच्या आवडीची.

विकत मिळणारी तयार रचना यात बसत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. ती समोरून बघण्यासाठी केलेली असते. टेबलाच्या मधोमध ठेवली की एका बाजूच्या लोकांना गुलाब दिसतात आणि दुसऱ्या बाजूच्यांना हिरवा स्पंज, तारा आणि देठ.

माझं टेबल सहा जणांचं आहे, १५० सेंमी लांब आणि ९० सेंमी रुंद. पाहुणे येवोत न येवोत, रोज त्यावर थोडी का होईना ताजी फुलं असावीत अशी फार इच्छा आहे. उंची किती ठेवावी, स्पंजाशिवाय फुलं उभी कशी राहतील, टिकतील कशी, वासाचं काय? तुम्ही काय करता ते जरा सविस्तर लिहा. नुसतं "छान दिसतं" नको, का छान दिसतं तेही सांगा.

कुंडीबाग

निळावंती, धागा आवडला. सुरुवात मोजपट्टीने करूया, कारण निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

एका माणसाला टेबलाची साधारण ६० सेंमी लांबी आणि ३५ ते ४० सेंमी खोली लागते. त्यात ताट, वाटी, पेला आणि कोपर हलवायला जागा आली. तुमचं टेबल ९० सेंमी रुंद. दोन्ही बाजूंचे ३५-३५ वजा केले की मधे जेमतेम २० सेंमीचा पट्टा उरतो. वाढायची भांडीही त्याच पट्ट्यात यायची. म्हणजे फुलांना मिळाली १० ते १२ सेंमी रुंदी. गोल, फुगीर फुलदाणी तिथे मावणारच नाही. लांबट, अरुंद आणि बुटकी मांडणी मावते. टेबल ७५ सेंमी रुंद असेल तर मधे जवळजवळ काहीच उरत नाही. अशा वेळी फुलं एका टोकाला सरकवावीत, म्हणजे जिथे कोणी बसत नाही तिथे. मधोमधच ठेवली पाहिजेत असा नियम कुठेही नाही.

गोल टेबलाचं गणित सोपं. १२० सेंमी व्यासाच्या टेबलावर मधे सुमारे ५० सेंमीचं वर्तुळ मोकळं राहतं, तिथे गोल रचना शोभते.

आता उंची. मोठा माणूस खुर्चीवर बसला की त्याचे डोळे टेबलाच्या पृष्ठभागापासून ४५ सेंमीच्या आसपास येतात. बुटकी माणसं आणि मुलं त्याहून खाली. म्हणून फुलदाणी धरून एकूण उंची ३० सेंमीच्या आत ठेवावी. मोजायचा कंटाळा आला तर कोपर टेबलावर टेकवून हात सरळ उभा धरा. सर्वांत उंच फूल मनगटाच्या वर जाता कामा नये.

आणि एक सवय लावून घ्या. फुलं ओट्यावर उभं राहून लावू नका. टेबलापाशी खुर्चीत बसून लावा आणि मधेमधे खुर्ची बदला. उभ्याने लावलेली रचना वरून भरगच्च दिसते, पण बसल्यावर तिच्या पोटातले देठ दिसतात. कडेची फुलं थोडी खाली झुकवून भांड्याची कड झाकली की हा प्रश्न मिटतो.

साधामाणूस

बुटकी रचना ठीक आहे, पण उंच रचनेला अगदीच बाद करू नका. बारीक, उंच काचेच्या नळकांड्यात वर फुलांचा गुच्छ असेल तर त्याच्या खालून समोरचा माणूस आरपार दिसतो. भरलेल्या टेबलावर जागाही कमी लागते. मला तरी त्यात एक रुबाब दिसतो.

कुंडीबाग

@साधामाणूस, तत्त्व बरोबर आहे. ३० ते ६० सेंमीचा पट्टा रिकामा हवा, फुलं एक तर त्याच्या खाली किंवा वर. मोठ्या हॉलमध्ये हे उत्तम जमतं. घरात अडचण दिव्याची येते. टेबलावर टांगलेला दिवा बहुधा पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंमीवर असतो. ६० सेंमीवर सुरू होणारा गुच्छ थेट दिव्यात घुसतो. फुलं गरम होऊन लवकर मान टाकतात आणि ताटावर सावली पडते ती वेगळीच. टांगता दिवा नसेल तर जरूर करून बघा, पण बूड जड हवं. फुलदाणीत तळाला गोटे घाला. नाहीतर टेबलक्लॉथ ओढला गेला की सगळं आडवं.

अबोली

उंचीबद्दल घरातला एक अनुभव लिहिते. माझ्या सासऱ्यांना खूप कमी ऐकू येतं. ते समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात. टेबलावर फुलांचा उंच गुच्छ असला की ते जेवणभर गप्प असतात. कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवतात. फुलं बाजूला केली की मग त्यांच्याही गप्पा सुरू होतात. त्यामुळे आमच्याकडे फुलं हनुवटीच्या वर जात नाहीत, मग कितीही सुंदर असोत. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी हे मुद्दाम बघावं. ती माणसं तक्रार करत नाहीत, आपल्यालाच लक्ष ठेवावं लागतं.

निळावंती

अबोलीताई, हा मुद्दा फार मोलाचा. चेहरा मोकळा हवा असं मी लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त गप्पांची मजा होती. कोणासाठी ते ऐकणंच असतं!

नवखी

मला एक विचारायचंय. बुटकी रचना करायची तर देठ आखूड कापावे लागतात आणि आखूड फुलं भांड्यात नुसती लोळतात. स्पंज नको म्हणता, मग उभी कशी ठेवायची? आणि स्पंज का नको? सगळीकडे तोच वापरतात की.

कुंडीबाग

स्पंजाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो.

तो हिरवा ठोकळा म्हणजे फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा प्लॅस्टिक फेस. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी तो फुलांसाठी आणला. ओॲसिस हे त्यांच्या मालाचं नाव, आता सगळ्याच स्पंजांना लोक तेच म्हणतात. सोय मोठी होती यात शंका नाही. पण तो एकदाच वापरता येतो, कुजत नाही आणि हाताने चुरला की त्याची भुकटी होते. ती भुकटी पाण्याबरोबर मोरीत जाते, म्हणजे सूक्ष्म प्लॅस्टिकच. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. जेवणाच्या टेबलावर ती हिरवी भुकटी सांडलेली मला तरी बघवत नाही.

पर्याय भरपूर आहेत आणि सगळे स्पंजापेक्षा जुने. सर्वांत आवडता म्हणजे केंझान. जड धातूच्या चकतीवर उभ्या पिना असतात, त्यात देठ खोचायचा. इकेबाना या फुलं मांडायच्या जपानी कलेत तो वापरतात. १९व्या शतकाच्या अखेरीस ओहारा उनशिन यांनी पसरट, उथळ भांड्यात फुलं मांडायची 'मोरिबाना' पद्धत सुरू केली, तिचा सगळा डोलारा केंझानवर उभा आहे. जेवणाच्या टेबलाला ही पद्धत फार जुळते. भांडं उथळ, फुलं मोजकी आणि पाणीही दिसतं. ५ ते ७ सेंमीचा एक केंझान घरच्या टेबलाला पुरतो. भांडं कोरडं असताना तो तळाला बसवायचा आणि मग पाणी ओतायचं. कडक फांदी असेल तर टोकाला उभी चीर द्या आणि थोडी तिरकी खोचा, मग हवी तशी सरळ करा. मऊ देठ पिनांवर सरळ दाबला तरी बसतो.

केंझान नसेल तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी घ्या. तिचा सैलसर गोळा करून भांड्यात बसवा. इंग्लंडमधल्या कॉन्स्टन्स स्प्राय यांनी ही जाळी फार लोकप्रिय केली. राणी दुसरी एलिझाबेथ यांच्या १९५३ च्या राज्याभिषेकाच्या फुलांच्या सजावटीचं काम त्यांच्याकडे होतं, पण त्यांचं खरं मोठेपण वेगळं आहे. केल या पालेभाजीची पानं, रानगवत, शेंगा अशी बाद समजली जाणारी सामग्री त्यांनी फुलदाणीत आणली आणि फुलदाणी म्हणून बशा, साचे, रस्सा वाढायची भांडी वापरली. घरात आहे त्यातून सजवा, हेच त्या सांगत राहिल्या.

आणि काहीच नसेल तर भांड्याच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावून जाळी करा. एकेका चौकटीत एकेक देठ. कडेची पट्टी पानांनी झाकली जाते.

चाफेकळी

कुंडीबाग, अप्रतिम माहिती. वाचनखूण साठवली.

मी रोजच्यासाठी यातलं काहीच वापरत नाही. लहान तोंडाच्या बाटल्या जमवते. औषधाच्या, अत्तराच्या, सॉसच्या, ज्या हाताशी येतील त्या. लेबलं भिजवून काढायची, आतून ब्रश फिरवायचा आणि टेबलाच्या मधल्या पट्ट्यात एका ओळीत पाच-सात बाटल्या मांडायच्या. प्रत्येकीत एकच फूल किंवा एक फूल आणि एक पान. तोंड लहान असल्याने फूल आपोआप उभं राहतं. वाढायचं भांडं ठेवायचं असलं की दोन बाटल्या सरकवल्या, झालं. एक फूल सुकलं तर तेवढंच बदलायचं.

फक्त बाटल्यांची उंची एकसारखी नको आणि रांग सरळ रेषेत नको. किंचित नागमोडी ठेवली की नजर फिरत राहते. रंग मात्र दोनच ठेवा. लहान लहान तुकड्यांत चार रंग आले की टेबल विस्कटलेलं वाटतं.

कुंडीत जास्वंद असेल तर तिला पाणीही लागत नाही. जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, पाण्यात ठेवलं तरी आणि कोरडं ठेवलं तरी. सकाळी उमललेलं तोडून प्रत्येकाच्या ताटाशेजारी नुसतं ठेवा.

रसायनवेडा

टिकण्याबद्दल मी लिहितो, हा माझा आवडीचा विषय.

कापलेलं फूल मरतं ते बहुधा तहानेने. देठातल्या पाणी ओढणाऱ्या नळ्या दोन कारणांनी बंद पडतात. कापल्या क्षणी त्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि पुढे पाण्यातले जिवाणू वाढून टोकाशी चिकट थर जमतो. सगळे उपाय या दोन गोष्टींवरचे आहेत.

फुलं घरी आली की प्रत्येक देठ तळाकडून २ ते ३ सेंमी कापा, धारदार कात्रीने आणि तिरका. बोथट कात्री नळ्या चिरडते. तिरका कापला की देठ भांड्याच्या तळाला चपटा बसत नाही. कापल्यावर लगेच पाण्यात, टेबलावर ठेवून दुसरं काम करायला जाऊ नका. पाण्याखाली येणारं एकूण एक पान काढून टाका, कारण पान बुडालं की सडतं आणि जिवाणूंची चंगळ होते. झेंडू आणि शेवंतीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. त्यांच्या पाण्याला एका रात्रीत वास येतो, आणि तो वास जेवणाच्या टेबलावर यावा असं कोणालाच वाटणार नाही.

मग लगेच सजवायला घेऊ नका. गळ्यापर्यंत पाणी भरलेल्या बादलीत, गार आणि अंधाऱ्या जागी दोन-तीन तास ठेवा. पहिलं पाणी कोमट, साधारण ४० अंश, चालतं. कोमट पाणी नळ्यांतून सहज चढतं. ट्युलिप आणि डॅफोडिलला मात्र गारच पाणी द्या. डॅफोडिलच्या देठातून चिकट रस झिरपतो आणि तो बाकीच्या फुलांना मारक ठरतो. ती वेगळ्या पाण्यात रात्रभर ठेवा. नंतर पुन्हा न कापता मिसळा, कापलं की रस परत सुरू.

पाण्यात घालायचं खाद्य घरी करता येतं. एक लिटर पाणी, चहाचा एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि अर्धा चमचा साधं ब्लीच. साखर फुलाचं खाणं. लिंबाने पाणी आंबट होतं, ते देठातून नीट वर चढतं. ब्लीच जिवाणूंसाठी. नुसती साखर कधीही घालू नका, ती फुलाआधी जिवाणू खातात. ब्लीच आणि लिंबाचा रस एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, आधी पूर्ण लिटरभर पाण्यात एक ढवळा आणि मग दुसरा. हे सगळं जमणार नसेल तर रोज पाणी बदला आणि एक दिवसाआड टोक थोडं कापा. काम जवळजवळ तेवढंच होतं. फुलदाणी मात्र आपण पाणी पितो त्या पेल्याइतकी स्वच्छ हवी.

गुलाबाने मान टाकली तर फेकू नका. देठ पाण्याखाली धरून कापा, फूल कागदात सरळ गुंडाळा आणि गळ्यापर्यंत पाण्यात दोन तास उभं करा. हवा अडकल्याने मान पडली असेल तर बहुतेक वेळा परत उभी राहते. हायड्रेंजियाचा गुच्छ अख्खा पाण्यात बुडवला तरी चालतो. त्याच्या पाकळ्यासुद्धा पाणी शोषतात.

दुपारची_चिमणी

रसायनवेडा, एक प्रश्न. आमच्या टेबलावर फळांची परडी कायम असते. तिच्याशेजारी कार्नेशन ठेवली की दोन दिवसांत मिटतात. खोलीत दुसरीकडे ठेवली तर आठवडाभर छान. योगायोग आहे का?

रसायनवेडा

अजिबात नाही. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात, केळी आणि सफरचंदं तर भरपूर. फुलांना तो म्हातारं करतो. कार्नेशन त्याला फार हळवं, पाकळ्या आत वळतात आणि फूल झोपल्यागत मिटतं. जिप्सोफिला आणि ऑर्किडही तशीच. सुकलेली फुलंसुद्धा इथिलीन सोडतात, म्हणून गुच्छातलं मेलेलं फूल लगेच काढावं. परडी हलवायची नसेल तर जरबेरा, शेवंती किंवा अँथुरियम आणा, त्यांना या वायूचं फारसं काही वाटत नाही.

साधामाणूस

हे माहीतच नव्हतं. डायनिंग टेबल म्हटलं की फळं आणि फुलं शेजारी शेजारीच येतात, चित्रांतसुद्धा.

अत्तरदाणी

नाकाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात जातो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते याच कारणाने. जेवताना शेजारी निशिगंधाचा गुच्छ घमघमत असेल तर प्रत्येक घासात निशिगंध येणार. मला सुगंधी फुलांचं वेड आहे, पण निशिगंध, मोगरा, ओरिएंटल लिली, हायसिंथ ही मी दारापाशी किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवते. टेबलावर गुलाब, तोही मंद वासाचा. जरबेरा, ऑर्किड, ट्युलिप, झिनिया, लिझिअँथस यांना वास जवळजवळ नाहीच.

संध्याकाळी उमलणाऱ्या फुलांचा वास दुपारी लावताना कळत नाही. मोगऱ्याच्या कळ्या दुपारी निरागस असतात आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी खोली भरून टाकतात.

लिली ठेवायचीच असेल तर फूल उमलताना आतले केशरी-तपकिरी परागकोश हलक्या हाताने चिमटीत धरून काढून टाका, फुटून भुकटी व्हायच्या आत. पराग टेबलक्लॉथवर पडलाच तर घासू नका आणि पाणीही लावू नका, डाग पक्का होतो. चिकटपट्टीने टिपून उचला.

बोकाराम

लिलीवरून अत्यंत कळकळीने सांगतो. घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. परागकोश काढूनही नाही. खरी लिली आणि डे-लिली, दोन्हींचं पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतं. अंगावर पडलेला पराग चाटला तरी पुरतं. एक-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. मांजराने लिली तोंडात घेतल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता तडक पशुवैद्याकडे न्या. आणि जेवणाचं टेबल म्हणजे मांजराची रात्रीची फेरी ठरलेलीच.

माणसांसाठीही काही फुलं टेबलावर नकोत. कण्हेर, कळलावी, धोतरा, लिली ऑफ द व्हॅली विषारी आहेत. डॅफोडिल आणि हायड्रेंजियाही पोटात जाता कामा नयेत. कण्हेरीचं फूल दिसायला गोड आणि सहज हाताशी मिळणारं, म्हणून जास्त काळजी. तिची पाकळी वाटीत पडली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

चाफेकळी

बोकाराम, अगदी खरं. यात एक भर. हल्ली ताटात पदार्थावर फूल ठेवायची टूम आहे. विकतची फुलं सजावटीसाठी वाढवलेली असतात, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. ती अन्नाला लागू देऊ नयेत. घरच्या कुंडीतलं, ओळखीचं आणि खाण्याजोगं फूल असेल तरच.

सांजदिवा

रंगाबद्दल कोणी बोललं नाही. फुलं दिवसा निवडतो आणि जेवण बहुतेकदा रात्री होतं. पिवळ्या, उबदार दिव्यात निळा आणि जांभळा रंग मरतो. दुपारी सुंदर दिसणारी गडद जांभळी शेवंती रात्री काळपट ठिपका होते. पांढरा, मोतिया, पिवळा, फिकट गुलाबी, पीच हे रंग रात्री उजळतात. निळं हवंच असेल तर त्याच्या मागे-पुढे पांढरं ठेवा. म्हणजे कडा दिसतात.

मेणबत्त्या लावणार असाल तर ज्योत आणि फुलं यांत नीट अंतर ठेवा. सुकं गवत, जिप्सोफिला, कागदी फुलं यांच्या जवळपास मेणबत्ती नकोच, ती भुर्रकन पेटतात.

साधामाणूस

सुकी किंवा कापडी फुलं का नकोत? रोज पाणी बदलायला वेळ कोणाला आहे?

निळावंती

@साधामाणूस, दुसरीकडे कुठेही ठेवा, जेवणाच्या टेबलावर मात्र मला ती पटत नाहीत. स्वयंपाकघराच्या जवळ असल्याने त्यांच्यावर तेलकट धूळ बसते, ती झटकता येत नाही आणि धुताही येत नाही. सुक्या फुलांचा तर चुरा पडतो. त्यापेक्षा वेळ नसेल त्या दिवशी एका पेल्यात हिरवी पानं ठेवा. मनीप्लांटचा तुकडा पाण्यात कित्येक आठवडे राहतो. काहीच न ठेवलेलं स्वच्छ टेबलसुद्धा मला धुळकट फुलांपेक्षा प्रिय आहे.

कुंडीबाग

निळावंतींना अनुमोदन. रोजच्यासाठी माझी पद्धत अशी. आठवड्याच्या सुरुवातीला टिकाऊ फुलं आणतो, शेवंती, कार्नेशन किंवा ऑर्किड. ती लांब देठांनी कोपऱ्यातल्या मोठ्या फुलदाणीत जातात. पाणी बदलताना टोकं कापत गेलं की देठ आखूड होतात. मग ती उथळ भांड्यात केंझानवर येतात. शेवटी उरलेली मुंडकी देठापासून वेगळी करून पसरट वाडग्यात पाण्यावर तरंगवतो. शेवंती नीट जपली तर अशी दोन आठवडे पुरते. तरंगवायला पसरट, भरगच्च पाकळ्यांचं फूल लागतं. देठ एखादा सेंमी ठेवायचा, अगदी मुळापासून कापला तर पाकळ्या सुटतात. वाडगा काठोकाठ भरू नका, टेबलाला धक्का लागतोच.

घरची झिनिया तोडणार असाल तर फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरून हलवा. डोकं लटलट हललं तर अजून कच्चं आहे, कडक राहिलं तर तोडा. तोडायची वेळ पहाटेची, तेव्हा देठात पाणी भरलेलं असतं.

नवखी

सगळ्यांचे आभार. केंझान आणला आणि उथळ काचेच्या वाडग्यात तीन जरबेरा आणि दोन पानं लावली. खुर्चीत बसून! दोन फुलं छान आहेत, तिसरं मधेच वाकलंय. पाणी भांडंभर घातलंय.

रसायनवेडा

जरबेराचा देठ केसाळ आणि मऊ असतो, खोल पाण्यात लवकर सडतो. पाणी ३-४ सेंमीच ठेवा, पण पिनांची टोकं बुडालेली राहतील आणि रोज बदललं जाईल असं बघा. वाकलेलं फूल आखूड कापून पुढच्या बाजूला खाली लावा. तिन्ही फुलांची तोंडं एकाच दिशेला करू नका, प्रत्येक खुर्चीला निदान एक फूल समोरून दिसू दे.

निळावंती

नवखी, किती छान! मीही बाटल्यांची ओळ केली आहे. मधल्या पट्ट्यात पांढरी शेवंती आणि अधेमधे नेच्याची पानं. फळांची परडी कपाटावर गेली. आता पाहुण्यांसाठी केंझान घ्यायचा विचार आहे. त्याची निगा कशी राखायची, गंजतो का? आणि लाकडी टेबलावर भांड्याखाली काय ठेवता?

कुंडीबाग

पितळी किंवा स्टीलच्या पिनांचा असेल तर सहसा गंजत नाही. बूड बहुतेक वेळा शिशाचं असतं, म्हणून हाताळल्यावर हात धुवा आणि ते पाणी मुलांच्या किंवा प्राण्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. ज्या वाडग्यात केंझान ठेवाल तो पुन्हा खाण्यासाठी वापरायचा नाही, एक वाडगा त्याला कायमचा देऊन टाका. वापरून झाल्यावर पिनांमधले देठांचे तुकडे जुन्या टूथब्रशने काढा आणि पूर्ण वाळवून ठेवा. पिन वाकली तर पक्कडीने ओढू नका, तुटते. रिकाम्या रिफिलची धातूची नळी पिनेवर बसवून हळूहळू सरळ करा.

भांड्याखाली बुचाची किंवा फेल्टची चकती ठेवा, भांड्याच्या बुडापेक्षा थोडी मोठी. गार पाण्याच्या भांड्याला बाहेरून घाम येतो आणि लाकडावर पांढरं कडं उमटतं. बाटल्यांची ओळ असेल तर प्रत्येकीला वेगळी चकती नको, कापडाची एक लांब अरुंद पट्टी सगळ्यांखाली घाला.

अबोली

पट्टी जाड विणीची घ्या. गुळगुळीत कापडावर बाटल्या घसरतात. आणि दोन्ही टोकं टेबलाखाली लोंबू देऊ नका. लहान मूल ती धरूनच उभं राहतं.